राजेळीला बी का नसते?



वसईची सुकेळी ज्या राजेळीची करतात, त्या केळ्यात बी का नसते, ते आज पाहू.

झाडाच्या प्रत्येक पेशीत आनुवंशिक गुण वाहणारे धागे असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. रानकेळीत ११-११ चे दोन संच असतात. एक आईकडचा, एक बापाकडचा. राजेळीत संच तीन, म्हणजे गुणसूत्रे ३३. यातले दोन संच एका जातीच्या रानकेळीचे, तिसरा दुसरीचा. तीन भाकऱ्या दोन ताटांत अख्ख्या सारख्या वाटता येतील का? तसेच इथे होते. जोड्या जुळत नाहीत, बी धरत नाही.

संच वाढणे ही निसर्गाची जुनीच रीत. चपातीच्या गव्हात तर सहा संच आहेत. २०१२ साली रानकेळीच्या गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिच्या प्राचीन पूर्वजांत सगळे संच दुप्पट होण्याचा प्रकार तीनदा घडल्याच्या खुणा त्यात सापडल्या.

आता आपल्या कामाचे. बी नाही म्हणून लागवड मुनव्यांची. मुनवा म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. तिचे गुण येतात, तसा पर्णगुच्छ रोगही येतो. पुढे मावा तो बागभर पसरवतो. तेव्हा मुनवा निरोगी, भरघोस घडाच्या झाडाचाच घ्या. पाने अरुंद, तलवारीसारखी असावीत. रोगट झाडावरचा मावा आधी फवारणीने मारा, मग झाड गड्ड्यासकट काढून नष्ट करा. शेजाऱ्यालाही सांगा. एकाच्या बागेतला रोग कुंपण मानत नाही.