जबड्याचे त्रिमिती चित्र

दाढ दुखायला लागली की माणसाला दुसरे काही सुचत नाही. लवंग धरून होते, मिठाच्या पाण्याच्या चुळा होतात, आणि अखेर माणूस एस.टी. धरून तालुक्याच्या गावी दंतवैद्यापुढे जाऊन बसतो. ते एक लहानसा फोटो काढतात. अलीकडे कधीकधी तो फोटो उजेडात धरून ते म्हणतात, "तुमचा थ्री-डी स्कॅन काढून आणा." मग घरी चर्चा सुरू होते. एका दाढेपायी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, वर खर्च करायचा, हे खरोखर गरजेचे आहे का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही, म्हणून आज त्याविषयी बोलू.

साधा क्ष-किरण फोटो म्हणजे एक सावली. राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला १८९५ च्या नोव्हेंबरात हे किरण सापडले, आणि १८९६ च्या जानेवारीत ओटो वॉल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्याच दातांचा फोटो घेतला. त्यासाठी तो बिचारा २५ मिनिटे निश्चल राहिला होता! आज ते काम सेकंदाच्या आत होते. पण सावली ती सावलीच. कंदिलापुढे दोन बोटे एकामागे एक धरून पाहा. भिंतीवर एकच बोट दिसेल. कुठले पुढे आणि कुठले मागे, हे भिंत सांगू शकत नाही.

आता हेच जबड्यात पाहू. खालच्या जबड्याच्या हाडातून दोन्ही बाजूंनी एकेक बारीक बोगदा गेलेला असतो. त्यातून जाणारी नस खालच्या दातांना, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. अक्कलदाढ हाडात आडवी अडकली की तिची मुळे कधीकधी या बोगद्याला जाऊन टेकतात. साध्या फोटोत मुळाची सावली बोगद्यावर पडलेली दिसते. पण मूळ बोगद्याच्या गालाकडच्या बाजूला आहे, जिभेकडच्या बाजूला आहे, की अगदी चिकटलेले आहे? दाढ काढताना नस दुखावली तर अर्धा ओठ बधिर होतो. चहा हनुवटीवर ओघळला तरी कळत नाही, दाढी करताना कापले तरी समजत नाही. पुष्कळांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे वाटते, पण काहींचा बधिरपणा कायमचा राहतो. म्हणून अशा वेळी खोली कळणे महत्त्वाचे ठरते.

ती खोली यंत्राला कळते तरी कशी? ज्वारीच्या शेताच्या टोकाशी उभे राहून एका ओळीकडे पाहिले तर पुढचे ताट तेवढे दिसते, मागची सगळी त्याच्या आड. पण बांधाबांधाने शेताला फेरी मारा, म्हणजे एकेक ताट सुटे होत जाते. हे यंत्र तीच फेरी मारते. रोगी बसतो किंवा उभा राहतो. त्याच्या डोक्याभोवती एका बाजूने किरणांची नळी आणि समोरून किरण टिपणारी पाटी फिरते. दहा-वीस सेकंदांत शेकडो सावल्या टिपल्या जातात. संगणक त्यांचा मेळ घालून जबड्याचे बारीक बारीक घन पाडतो. एकेका घनाची कड मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून चार दशांशापर्यंत, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान. मग डॉक्टरांना भाकरीचा तुकडा मोडावा तसा जबडा हव्या त्या दिशेने कापून पाहता येतो, अर्थात पडद्यावर. किरणांचा झोत शंकूच्या आकाराचा असतो, म्हणून याला 'कोन बीम सी.टी.' म्हणतात. मोठ्या रुग्णालयातल्या सी.टी. स्कॅनचे हे धाकटे भावंड. थोरल्याने पहिला रोगी १९७१ साली लंडनमध्ये तपासला. त्या शोधासाठी हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. धाकटे १९९० च्या दशकात इटलीत आणि जपानमध्ये आकाराला आले.

पडलेल्या दाताच्या जागी हाडात धातूचा खुंट बसवायचा असेल, तर हाडाची उंची साध्या फोटोत दिसते, जाडी दिसत नाही. दात गेल्यावर हाड झिजत जाते. वरच्या जबड्यात तर दाढांच्या वर हवेची पोकळी असते. तेव्हा खुंट किती लांब, कुठल्या कोनात, हे आधी पडद्यावर ठरवलेले बरे.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले आणि वरचा सुळा अजून आला नसेल, तर 'येईल हळूहळू' म्हणून सोडून देऊ नका. तो टाळूच्या हाडात अडकून शेजारच्या दाताचे मूळ खात असू शकतो. आधी दंतवैद्याला दाखवा. साध्या फोटोवर भागले नाही तर ते स्कॅन सांगतील.

आता दुसरी बाजू. साध्या किडीसाठी या स्कॅनची गरज नसते. चांदी किंवा धातूची टोपी बसवलेली असेल तर चित्रात आजूबाजूला पट्टे उमटतात, आणि तिथे किडीचा भास होतो. आणि हा स्कॅन हाड दाखवतो, मऊ भाग नीट दाखवत नाही. तंबाखू-मिश्री लावणाऱ्याच्या गालात पांढरा चट्टा आला, तोंड उघडेनासे झाले, जखम दोन-तीन आठवडे भरेना, तर तिथे डॉक्टरांचा डोळा आणि गरज पडल्यास मांसाचा तुकडा काढून केलेली तपासणीच हवी. नुसत्या स्कॅनवर विसंबून दिवस घालवणे घातक.

किरणांची भीती किती बाळगावी? माती, दगड, आकाश यांतून आपल्या सर्वांनाच रोज थोडे किरण मिळत असतात. जबड्याच्या लहान भागाचा स्कॅन म्हणजे अशा साधारण काही दिवसांचे, मोठ्या भागाचा म्हणजे काही आठवड्यांचे किरण. फार नव्हे, पण फुकटही नव्हे. मुलांच्या बाबतीत तर हात आखडताच बरा. गर्भवती बाईने आधीच तसे सांगावे. यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

येणाऱ्या प्रत्येकाला सरसकट स्कॅन लिहून देणे मला पसंत नाही. आपण डॉक्टरांना एवढेच विचारा, "साहेब, या स्कॅनने तुमचा इलाज बदलणार आहे का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. तो सांगेल, की मूळ नसेला चिकटलेले दिसले तर दाढेचा वरचा भाग कापून मुळे तशीच ठेवू, किंवा तुम्हाला मोठ्या शल्यवैद्याकडे पाठवू. स्कॅन काढला म्हणजे नस हमखास वाचली असे मात्र समजू नका. हात शेवटी माणसाचाच.

आणि स्कॅन काढलाच, तर नुसता छापील कागद घेऊन परतू नका. संगणकाची मूळ फाइल चकतीवर किंवा पेन-ड्राइव्हवर मागून घ्या. कागदावर निवडक काप असतात, फाइलीत सारा जबडा असतो. उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली, तर तीच त्यांच्या पडद्यावर उघडता येते आणि पुन्हा किरण घ्यावे लागत नाहीत.