दुष्काळ, राजसत्ता आणि समाजाचा वाटा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहांचे नाव जैन समाज शतकानुशतके आदराने घेत आला आहे. विक्रम संवत 1313 ते 1315 या काळात गुजरातेत भीषण दुष्काळ पडला, तेव्हा या श्रेष्ठींनी आपली धान्यकोठारे खुली केली. राजा वीसलदेव यालाही त्यांच्याकडून धान्य घ्यावे लागले, असे ‘जगडूचरित’ सांगते. ही कथा ऐकताना ऊर अभिमानाने भरून येतो, ते योग्यच आहे. परंतु तिच्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. राजाची कोठारे रिकामी का पडली? आणि ज्या प्रदेशात कोणी जगडूशाह नव्हते, तेथील प्रजेने काय करावे?

पाऊस राजाज्ञेने पडत नाही. मात्र तो न पडल्यावर कोणी जगावे, हे पुष्कळदा सत्तास्थानी ठरते. 1876-78 च्या दुष्काळात दख्खन होरपळत असताना व्हाइसरॉय लिटन यांनी धान्यबाजारात हस्तक्षेप नाकारला, निर्यात चालू राहिली आणि रिचर्ड टेंपल यांनी मजुरांचे रोजचे धान्य एक पौंडाच्या हिशोबावर आणले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकिगत गोळा करून सरकारपुढे मांडली, पण माणसे मरत राहिली.

याउलट 1972 चा महाराष्ट्र पाहावा. आधीची दोन वर्षेही पावसाने ओढ दिली होती. त्या वर्षी तर पिके हातची गेली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणे अशी कामे काढण्यात आली आणि मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसे त्यांवर राबत होती. कामावर सुकडी मिळे, रेशनवर मिलो. ज्यांनी ती लाल भाकरी खाल्ली, त्यांना तिची चव अद्याप विसरता आलेली नाही. हे सारे केवळ सरकारच्या सद्बुद्धीने घडले असे मानणे भाबडेपणाचे होईल. मजुरांचे मोर्चे आणि विरोधी पक्षांचा रेटा त्यामागे होता.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती आणि 1965 मध्ये तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही झाला होता. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. खर्चासाठी 1975 च्या कायद्याने व्यवसायकर बसला आणि शासनानेही तेवढाच वाटा घालावा असे ठरले. व्यापारी बांधव हा कर भरताना कुरकुर करतात. परंतु जगडूशाहांचे धान्य हे अनुकंपादान होते, तर या कायद्याने मिळणारे काम हा मजुराचा हक्क झाला. त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. शहरातील पेढीवरचा पैसा खेड्यातील बांधावर पोहोचवण्याचा हा मार्ग राजकीय नेतृत्वाने काढला, आणि त्याचे मोल कोणत्याही देणगीपेक्षा कमी नाही.

याच राज्याच्या नेतृत्वाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच मराठवाड्यात उसाचे क्षेत्र आणि साखर कारखाने मात्र वाढत गेले होते. कारखान्याचा परवाना, कालव्याचे पाणी, पंपाच्या विजेचा दर हे सर्व सत्तेचेच निर्णय. कोरड्या शिवारातून निघालेली कुटुंबे दुसऱ्यांचा ऊस तोडायला जातात, मुलांची शाळा सुटते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत 2019 मध्ये शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, याहून अधिक काय सांगावे?

त्यात आता हवामानच बदलले आहे. 1901 पासूनच्या नोंदींत ऑगस्ट 2023 हा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यातील शेतजमिनी अतिवृष्टीने खरवडून गेल्या. जुन्या सरासरीवर बेतलेले नियोजन यापुढे चालणार नाही.

पाण्यालाच अप्काय जीव मानणारा, ते गाळून पिणारा हा समाज आहे. दुष्काळात पांजरपोळ सांभाळणे, तलावातील गाळ काढण्यासाठी यंत्रे पुरवणे, ही कामे त्याने मनापासून केली आहेत. मात्र गाळ काढल्यावर साठलेले पाणी कोणत्या पिकाला द्यायचे, हे ज्या ग्रामसभेत आणि ज्या कालवा समितीच्या बैठकीत ठरते, तेथील खुर्च्यांवर हा समाज क्वचितच दिसतो.