सुएझचा नाका आणि आपली द्राक्षे

(मोडनिंब येथे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पुणे-सोलापूर महामार्गावर टोलनाका आला की आपण कुरकुरतो. पण याच भागातील द्राक्षे न्हावाशेवाहून रॉटरडॅमला निघतात, तेव्हा त्यांच्या वाटेतही एक नाका असतो. तो सुएझचा.

१९३ किलोमीटरच्या या कालव्याचे शुल्क जहाजाच्या क्षमतेनुसार ठरते. मोठ्या कंटेनर जहाजाला एका फेरीत लाखो डॉलर मोजावे लागतात. समजा, पाच लाख डॉलर भरले आणि जहाजावर दहा हजार कंटेनर आहेत. म्हणजे कंटेनरमागे पन्नास डॉलर. एका शीतकंटेनरमध्ये साधारण तेरा टन द्राक्षे धरली, तर किलोमागे तीस-पस्तीस पैसे! इतकेच.

मग हा नाका जगाला एवढा धाक का दाखवतो? कारण दुसरी वाट आफ्रिकेला वळसा घालून जाते. सुएझचा दर त्या वळशाच्या खर्चाकडे डोळा ठेवूनच ठरतो. २०२० मध्ये इंधन स्वस्त झाले, तेव्हा काही जहाजांनी शुल्क वाचवून वळसाच पत्करला आणि कालवा प्राधिकरणाला सवलती जाहीर कराव्या लागल्या. व्यवहार हा असा रोखठोक असतो.

खरी किंमत कळली ती २०२३च्या अखेरीस. हुथींच्या हल्ल्यांमुळे तांबड्या समुद्राची वाट धोक्याची झाली. कालवा उघडा, पण तिथवर जायचे कसे? २०२४च्या हंगामात आपली द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडे वाढले. लोखंड वाट पाहू शकते. द्राक्षाचा देठ सुकतो. इजिप्तलाही झळ बसली. २०२३ मध्ये दहा अब्ज डॉलरच्या वर असलेले कालव्याचे उत्पन्न २०२४ मध्ये चार अब्जांच्या आसपास आले.

हा कालवा खोदताना इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठीला धरले गेले. १८६९ मध्ये तो खुला झाला आणि अवघ्या सहा वर्षांत कर्जबाजारी खेदिव इस्माईलने आपले समभाग ब्रिटनला चाळीस लाख पौंडांना विकले. हिंदुस्थानकडे येणाऱ्या वाटेत इंग्रजांचा हात असा भक्कम झाला. घाम इजिप्तचा, नफा परक्यांचा! १९५६ मध्ये नासेर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा युद्धच पेटले.

२०२३च्या दिल्लीतील जी-२० परिषदेत भारत-पश्चिम आशिया-युरोप मार्गिकेची घोषणा झाली. तीही हैफा बंदरातूनच जायची आहे. तेव्हा बागायतदारांनी तूर्त एक करावे. निर्यातदाराकडून हिशेब घेताना जहाजभाडे आणि युद्धजोखमीचा अधिभार वेगवेगळा मांडून मागावा, आणि वाट सुरळीत झाल्यावर तो अधिभार उतरला की नाही, हेही विचारावे.