माध्यमिक शाळेतील वाचन आणि संगणकविद्या
(कंधार येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या मेळाव्यात आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, आणि तो प्रसंग आम्हां सर्वांस अभिमानाचा वाटतो. आज मात्र ज्यांची नावे त्या यादीत कधीच येत नाहीत, अशा मुलामुलींविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. आठवी ते दहावीच्या वर्गांत नियमाने बसणारी, वरच्या वर्गात जाणारी, परंतु समोरचा उतारा सलग वाचताना अडखळणारी मुले आपल्याही घरांत आहेत. हे प्रथम मान्य केले पाहिजे.

निजामी राजवटीत सरकारी कारभार उर्दूत चाले. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दू हेच शिक्षणाचे माध्यम होते. मराठी बोलणारा शेतकरी गाऱ्हाणे घेऊन कचेरीच्या दारी गेला, म्हणजे त्यास अर्जनविसाचे पाय धरावे लागत. कागदावर काय उतरले हे न कळताच तो खाली अंगठा उठवी. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि मायबोलीचे राज्य दृष्टिपथात आले. याच कंधारात भाई केशवराव धोंडगे यांनी श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभी केली. संस्थेच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द घालण्यामागचा हेतू निराळा सांगावयास नको. मन्याडच्या खोऱ्यातील गोरगरिबांच्या मुलांस फीसाठी शाळेच्या दारातून परतावे लागू नये, ही त्या पिढीची तळमळ होती.

परंतु बंधूंनो, तो अर्जनवीस आज निराळ्या वेषात परत आला आहे. आता त्याच्यापुढे दौत-टाक नसून संगणक आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’वर भरावा लागतो, आणि 2025–26 या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला आहे. अंगठासुद्धा सुटलेला नाही. आधारच्या यंत्रावर तो आजही ठेवावा लागतो, आणि ठेवणाऱ्यास पडद्यावरचा मजकूर पुष्कळदा ठाऊक नसतो.

आपल्यातीलच एका कुटुंबाचा अनुभव सांगतो. दहावी उत्तीर्ण झालेल्या कन्येचा शिष्यवृत्तीचा अर्ज वडिलांनी एका दुकानात भरून घेतला. त्यात बँक खात्याचा एक अंक चुकला. पैसे आले नाहीत, हेलपाटे मात्र झाले. दुकानदारास दोष देऊन आम्ही मोकळे झालो असतो. पण भरलेला अर्ज पाठविण्यापूर्वी पडद्यावर दिसत होता, आणि मुलगी शेजारीच बसली होती. आम्ही तिला विचारले, “बाळ, तू वाचून का नाही पाहिलेस?” ती म्हणाली, “मशीन त्यांच्या हातात होतं, काका. मी कशी मागू?” या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने 2023 साली ग्रामीण भागातील 14 ते 18 वर्षांच्या मुलांची परीक्षा घेतली. महाराष्ट्रातून त्यासाठी आपलाच नांदेड जिल्हा निवडला होता. देशभरातील एकूण निष्कर्ष असा की, सुमारे 25 टक्के मुलांस मातृभाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही, आणि साधा भागाकार 43.3 टक्के मुलांसच जमला. याउलट जवळजवळ 90 टक्के घरांत स्मार्टफोन होता. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 43.7 टक्के मुलांकडे तो स्वतःचा होता, मुलींपैकी केवळ 19.8 टक्के मुलींकडे. म्हणजे घरात यंत्र आले, पण वाचन आले नाही; आणि मुलीच्या हाती तर यंत्रही पुरते आले नाही.

येथे आम्हांस स्वतःची चूकही कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाने वर्गणी जमवून तालुक्यातील एका शाळेस संगणक दिले. हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली. पुढच्या वर्षी आम्ही पाहावयास गेलो, तो संगणकांवर आच्छादने तशीच होती आणि खोलीस कुलूप होते. शिकविणार कोण, वीज गेल्यास काय करावयाचे, बिघाड झाल्यास खर्च कोणी सोसावयाचा, यांपैकी एकही प्रश्न आम्ही देताना विचारला नव्हता. वस्तू दिली म्हणजे विद्या दिली, असा आमचा समज होता.

म्हणून यंदा कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली, वाचनाची. प्रत्येक घरी रोज वीस मिनिटे मुलाने किंवा मुलीने मोठ्याने वाचावे व वडीलधाऱ्यांनी ऐकावे. ऐकणारा स्वतः निरक्षर असला तरी चालेल. अडखळणे कानास कळते. दुसरी, वाचन व यंत्र यांची सांगड घालण्याची. मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतो. विद्यार्थ्याने आठवड्यास त्यातील एक नोंद वाचून तिचा सारांश स्वतःच्या शब्दांत देवनागरीत टंकित करावा. दहावीच्या मुलांकडून प्रवेशाचा व शिष्यवृत्तीचा नमुना अर्ज आधी कागदावर भरून घ्यावा, आणि मग तो एकमेकांकडून तपासून घ्यावा. तिसरी, खर्चाची. यापुढे नवे संगणक घेण्याऐवजी, असलेले चालू ठेवणे व सुटीच्या दिवशी शिकविणाऱ्यास मानधन देणे, यांवर वर्गणी खर्च व्हावी.

भगिनींनो, शेवटची विनंती विशेषेकरून आपणांस आहे. घरातील फोन मुलाच्या हाती सहज जातो. तो रोज एक तास अभ्यासासाठी मुलीच्याही हाती द्यावा, आणि पुढील अर्ज घरातल्या मुलीने स्वतः वाचल्याशिवाय पाठवू नये.

आपल्या आजोबांचा अंगठा निरुपायाने उठला. नातीच्या बाबतीत ती सबब आपणांस सांगता येणार नाही.