जामीन कुणाला राहायचं? : ब्लॉगवरच्या लिंकविषयी

 

आजचा विषय आहे ब्लॉगवरची लिंक. काहीजणी म्हणतील, हे आमच्या कामाचं नाही. पण आता आपल्या कितीतरी गटांचे ब्लॉग आहेत. कुणी हळदीवर लिहितं, कुणी बेदाण्यावर, कुणी गोधडीवर. लिहिणारी बहुधा गटातली एखादी शिकलेली सून असते, नाहीतर कॉलेजात जाणारी लेक. ब्लॉग तिच्या हातात असतो, पण त्यावर नाव असतं अख्ख्या गटाचं. आणि त्या नावाला गिऱ्हाईक लागलं आहे, म्हणून हा विषय.

तासगाव भागातल्या एका गटाची गोष्ट सांगते. बारा जणींचा गट, बेदाणा निवडून पाकिटं भरतात. त्यांना एक फोन आला. "ताई, गुगलवर तुमचं नाव पहिल्या पानावर आणून देतो. एक हजार लिंक लावतो, सहा हजार रुपये द्या." त्याच महिन्यात दुसरा फोन आला. "तुमच्या ब्लॉगवर आमच्या वजन कमी करायच्या पावडरची एक लिंक टाका, आम्हीच तुम्हाला दोन हजार देतो. फक्त पैसे घेतले असं कुठं लिहू नका." एकाला पैसे द्यायचे, दुसऱ्याकडून घ्यायचे. बैठकीत प्रश्न आला, काय करायचं? गटाची बचत महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये. म्हणजे सहा हजार ही बारा जणींची पाच महिन्यांची बचत झाली. हो किंवा नाही म्हणण्याआधी लिंक म्हणजे काय हे समजून घेणं भाग होतं. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

लिंक म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानाकडे दाखवलेलं बोट. ही कल्पना कॉम्प्युटरच्याही आधीची. आपल्या वाईत मराठी विश्वकोश तयार झाला. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. त्यात नोंद संपली की कित्येकदा खाली 'पहा' असं लिहून दुसऱ्या नोंदीचं नाव दिलेलं असतं. ती कागदावरची लिंकच. वाचणाऱ्याला विश्वास असतो की जाणत्या माणसानं सांगितलंय, तर तिथं काहीतरी कामाचं असणार.

हाच विश्वास गुगलनं मोजायला घेतला. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना त्यांनी एक पद्धत काढली. १९९८ साली ती लोकांपुढे आली. तिचं नाव पेजरँक. एखाद्या पानाकडे किती पानं बोट दाखवतात आणि ती दाखवणारी पानं स्वतः किती वजनाची आहेत, यावरून त्या पानाचं वजन ठरवायचं. आपल्याला हे नवीन नाही. कर्जाला जामीनदार लागतो, तेव्हा बँक नुसती सह्या मोजत नाही. जामीन कोण राहिलंय ते बघते. ज्याची स्वतःचीच थकबाकी आहे अशा दहा जणांपेक्षा एक पत असलेली बाई जड भरते. गुगल आज आणखी पुष्कळ गोष्टी बघतं. मजकूर कसा आहे, विचारलेल्या प्रश्नाला त्यात उत्तर आहे का, पान मोबाइलवर नीट उघडतं का, हे सगळं बघतं. पण लिंकचं वजन अजूनही धरलं जातं.

आता जिथं जामिनाला किंमत आली, तिथं खोटे जामीनदार आलेच. लोकांनी दुसऱ्यांच्या ब्लॉगखाली प्रतिक्रिया म्हणून आपल्या दुकानाच्या लिंका चिकटवायला सुरुवात केली. आपण घराची भिंत रंगवावी आणि सकाळी उठून बघावं तर कुणीतरी जाहिरातीचे कागद डकवून गेलेलं असावं, तसा प्रकार. त्यावर जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि एमएसएन या तिन्ही सर्च इंजिनांनी मिळून एक खूण मान्य केली. तिचं नाव 'नोफॉलो'. लिंकच्या मागं जो कोड असतो, त्यात आर, ई, एल ही अक्षरं लिहून पुढं हा शब्द टाकायचा. वाचणाऱ्याला काही फरक दिसत नाही, क्लिक केलं की पान उघडतंच. पण सर्च इंजिनाला कळतं की ही बाई फक्त पत्ता सांगतेय, जामीन राहत नाही.

पुढं सप्टेंबर २०१९ मध्ये गुगलनं आणखी दोन खुणा आणल्या. एक 'स्पॉन्सर्ड', म्हणजे पैसे किंवा वस्तू घेऊन लावलेली लिंक. दुसरी 'यूजीसी', म्हणजे आपण न लिहिलेली, बाहेरच्या माणसानं आपल्या पानावर लिहिलेली लिंक. म्हणजे आता खुणा तीन झाल्या. मी त्या अशा लक्षात ठेवते : यूजीसी म्हणजे भिंतीवर दुसऱ्यानं लावलेला कागद, स्पॉन्सर्ड म्हणजे भाडं घेऊन लावू दिलेला फलक, आणि नोफॉलो म्हणजे "पत्ता सांगते, पण मला विचारून व्यवहार करू नका". ज्या लिंकला यातली कुठलीच खूण नाही, ती सरळ ओळख. तिथं आपण जामीन आहोत.

एक बारकावा आहे. पूर्वी नोफॉलो लिहिलं की गुगल ती लिंक वजनात धरतच नसे. २०१९ पासून या तिन्ही खुणा गुगल 'इशारा' म्हणून घेतं. म्हणजे बहुतेक वेळा मानतं, पण शेवटचा निर्णय स्वतःकडे ठेवतं. १ मार्च २०२० पासून पान शोधून यादीत घेतानाही हेच धोरण आहे. म्हणून एखादं पान गुगलपासून लपवायचं असेल, तर त्याला नोफॉलो हा उपाय नाही.

दुसरा एक गैरसमज. काहीजणी म्हणतात, बाहेरच्या सगळ्या लिंकांना नोफॉलो लावलं की आपलं वजन आपल्याकडंच राहील. उसाला पाणी पाजताना एक दारं मोडलं नाही, तर ते पाणी दुसऱ्या सरीत जातं, तसा हा हिशोब. पूर्वी तो काही अंशी खरा होता. पण २००९ मध्ये गुगलच्याच अभियंत्यानं सांगितलं की आता तसं होत नाही. बंद केलेल्या दाराचं पाणी दुसरीकडं वळत नाही, ते वायाच जातं. तेव्हा कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारी पानाकडे खऱ्या मनानं बोट दाखवत असाल, तर कंजुषी करू नका. आपल्याच ब्लॉगच्या दुसऱ्या पानाला लिंक देतानाही खूण लावायची गरज नाही. 'नोओपनर' आणि 'नोरेफरर' असे आणखी दोन शब्द कोडमध्ये दिसतील. ते सुरक्षिततेसाठी आणि खासगीपणासाठी आहेत. क्रमवारीशी त्यांचा संबंध नाही, दिसले तर घाबरू नका.

आता त्या दोन फोनांकडे येऊ.

पहिला, सहा हजारांत हजार लिंकांचा. या लिंका येतात कुठून? बहुतेक अशा पानांवरून, जी लिंका विकण्यासाठीच उभी केलेली असतात. काही येतात प्रतिक्रियांच्या जागेतून, तिथं नोफॉलो किंवा यूजीसी आधीच लागलेलं असतं. विकिपीडियानंही २००७ पासून बाहेरच्या लिंकांना नोफॉलो लावलेलं आहे, त्यामुळं तिथं आपलं नाव घुसवूनही वजन मिळत नाही. उरलेल्या विकत घेतलेल्या लिंका हा गुगलच्या नियमांत गुन्हा धरला जातो. एप्रिल २०१२ मध्ये गुगलनं 'पेंग्विन' नावाचा बदल केला, आणि असं विकतचं वजन घेतलेली कितीतरी संकेतस्थळं रातोरात खाली गेली. आता गुगल अशा लिंका बहुतेक मोजतच नाही. म्हणजे पैसे पाण्यात. आणि प्रकरण जास्त झालं तर तिथली माणसं तपासून कारवाई करतात, म्हणजे पैसे देऊन नाव खराब. गटानं ठराव केला, सहा हजार द्यायचे नाहीत.

दुसरा, पावडरीचा. इथं बैठकीत वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. एक वहिनी म्हणाल्या, "दोन हजार म्हणजे पाकिटांचा छपाईखर्च निघतो. जाहिरात तर पेपरवालेही छापतात." बरोबर आहे. जाहिरात घेणं पाप नाही. पण पेपरमध्ये जाहिरात चौकटीत असते, बातमीत मिसळलेली नसते. इथं तो माणूस जागेचं भाडं देत नव्हता, तो आपला जामीन विकत मागत होता. म्हणून गटानं त्याला उलट दोन अटी घातल्या. लिंकला स्पॉन्सर्डची खूण राहील, आणि लिंकच्या शेजारी 'जाहिरात' हा शब्द ठळक राहील.

या दोन अटी वेगवेगळ्या का, ते नीट ऐका. कोडमधली खूण यंत्राला दिसते, बाईला दिसत नाही. ब्लॉग वाचून पावडर मागवणारी आपलीच कुणी जाऊ-नणंद असते, ती कोड उघडून बघणार नाही. तिच्यासाठी शब्दच हवा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. पैसे, वस्तू किंवा दुसरा काही फायदा घेतला असेल, तर तो सोप्या भाषेत, सहज दिसेल असा सांगायचा, असं त्यात आहे. फुकट दिलेला मिक्सर हाही मोबदलाच, हे विसरू नका. खरेदी झाली की कमिशन मिळतं अशा लिंकाही स्पॉन्सर्डच.

अटी ऐकून तो माणूस पुन्हा फोन करतो म्हणाला. त्याचा फोन काही आला नाही. यावरून त्याला नक्की काय विकत घ्यायचं होतं ते गटाला कळलं.

मग खरी लिंक मिळवायची कशी? तिला एकच रस्ता आहे, बोट दाखवावं असं काहीतरी लिहिणं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा का होतो, डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड का बुडवतात, शेडमध्ये जाळीवर किती दिवस ठेवतात, हिरवा आणि पिवळा बेदाणा कसा ओळखायचा, हे रोज हाताळणाऱ्या बाईनं मराठीत लिहिलेलं कितीसं सापडतं? त्या गटानं तेच लिहिलं, फोटोंसकट. हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे जमिनीखालच्या हळदीच्या कोठारांवर, आजोळ तिकडं असलेल्या एकीनं पान लिहिलं. त्या पानाकडे पुढं एका शाळेच्या ब्लॉगनं आपणहून बोट दाखवलं. एकच लिंक, पण खरी. ब्लॉग पहिल्या पानावर आला असं मी सांगणार नाही, तसा तो आलेला नाही. पण मराठीत पेव शोधणारी माणसं त्या पानावर येऊ लागली, आणि त्यातल्या काहींनी बेदाण्याचा भावही विचारला.

तुम्ही उमेद किंवा माविमच्या प्रदर्शनात भाग घेतला असेल, तर आयोजकांच्या यादीत ब्लॉगचा पत्ता द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक गुगलला दिसत नाही, पण माणसं दिसतात, म्हणून तीही पाठवत राहा. आणि लिंक देताना 'इथे क्लिक करा' असं लिहू नका. 'हरिपूरची हळदीची पेवं' असं लिहा. बोट कशाकडे आहे ते माणसालाही कळतं आणि यंत्रालाही.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. ब्लॉग सांभाळणाऱ्या मुलीला शेजारी बसवा आणि बाहेर जाणारी एकेक लिंक उघडा. प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा : ही आपण लावली की दुसऱ्यानं? हिच्याबदली काही घेतलं का? आणि हिच्यासाठी आपण गटाच्या नावानं जामीन राहू का? दुसऱ्यानं लावली असेल तर यूजीसी, किंवा सरळ काढून टाका. काही घेतलं असेल तर स्पॉन्सर्ड, शिवाय 'जाहिरात' हा शब्द. खात्री नसेल तर नोफॉलो. गुगलच्या ब्लॉगरवर लिंक टाकताना जी चौकट उघडते, तिच्यातच नोफॉलोचा पर्याय असतो, नुसती टिक करायची. बाकीच्या दोन खुणा कोडमध्ये लिहाव्या लागतात, पाच मिनिटांचं काम आहे. काय ठरलं ते ठरावाच्या वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढच्या वेळी फोन आला की ज्या मुलीच्या हातात मोबाइल आहे, तिला एकटीला उत्तर द्यावं लागणार नाही. वही पुढं करता येईल.