घरी शिकणारा विद्यार्थी आणि विद्यावेतन
(मांडवी, रत्नागिरी येथे ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संघाच्या शिष्यवृत्ती निधीविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. त्यातील एकाच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावे, अशी आमची इच्छा आहे. शाळेत न जाता घरी शिकलेल्या मुलामुलींस महाविद्यालयासाठी द्रव्यसाहाय्य कसे मिळावे?

आजारपण, घरचा धंदा वा लहान भावंडांचा सांभाळ यांपायी शाळा सुटलेली मुले बंदरावरील वस्तीत अपरिचित नाहीत. काही सुशिक्षित आईबाप तर हल्ली बुद्ध्याच मुलांस घरी शिकवितात.

योग्यता असून दाराशी अडावे लागणे आपल्या जिल्ह्यास नवे नाही. महर्षी कर्वे तरुणपणी मुरुडहून भर पावसात शंभरावर मैल चालत साताऱ्यास परीक्षेसाठी गेले; परंतु वयाने लहान दिसतात, एवढ्यासाठी त्यांना बसू दिले नाही. आपल्या काळातील उदाहरण मुंबईच्या मालविका जोशी यांचे. घरी शिकून त्यांनी आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळविली. तथापि बारावीच्या प्रमाणपत्राअभावी आय.आय.टी.चे दार त्यांना बंदच राहिले. अखेर २०१६ साली अमेरिकेतील एम.आय.टी.ने त्यांना शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला. अशी पदके लाखात एखाद्यास लाभतात. इतरांस प्रमाणपत्राचाच आधार.

तो मिळविण्याचे मार्ग दोन. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून दहावी वा बारावीस खाजगी रीतीने बसता येते. मंडळाच्या कोकण विभागाची कचेरी रत्नागिरीतच आहे. पूर्वी शाळेत गेलेल्याने शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा. दुसरा मार्ग १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. तेथे १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीस नाव घालता येते.

पुढे मात्र सावध असावे. केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीस आपापल्या मंडळाच्या बारावीत वरच्या २० टक्क्यांत यावे लागते, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे लागते आणि पदवीचा अभ्यासक्रम नियमित असावा लागतो. पत्रद्वारा शिकणाऱ्यास ती मिळत नाही. म्हणून बारावी घरी झाली तरी पदवीसाठी महाविद्यालयातच नाव घालणे हिताचे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही वेळीच काढावा. निकालानंतर धावाधाव केल्यास मुदत टळते.

सरकारी नियम बदलणे आपल्या हाती नाही, परंतु आपला निधी आपल्या हाती आहे. त्याच्या अर्जावर मुख्याध्यापकांची सही लागते. ज्यास शाळाच नाही त्याने ती कोणाकडून आणावी? अशा विद्यार्थ्याचे मंडळाचे गुणपत्रक आणि संघाच्या दोन सभासदांची शिफारस ग्राह्य धरावी, अशी आमची सूचना आहे. शिवाय परीक्षा शुल्क व पुस्तके यांसाठी अल्प रक्कम निकालापूर्वीच द्यावी. कारण गरीब घरचे मूल पुष्कळदा तेथेच थांबते.

निधीत पडलेला प्रत्येक रुपया कोणा ज्ञातिबांधवाच्या कष्टाचा आहे. तो सहीअभावी पेटीत पडून राहू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.