दत्तक मुले आणि घरची शाळा

‘सदर’ हा शब्द मराठी माणसाच्या कानाला फार जवळचा आहे. जुन्या वाड्यात दिंडी ओलांडून आत गेले, की समोर सदर लागे. कारभाऱ्याची दौत-लेखणी तेथे असे, आल्यागेल्याचा परामर्श तेथेच घेतला जाई आणि पुष्कळदा पंतोजींच्या पुढे बसून घरची मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत तीही तेथेच. जबलपूरची सदर मात्र निराळी. ती वाड्याची नव्हे, छावणीची. भोसल्यांच्या हातून हे शहर १८१७ साली इंग्रजांकडे गेले, फौज येऊन राहिली, आणि फौजेच्या आश्रयाने जो मुख्य बाजार वाढला तो सदर बाजार. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, पेंटीनाका, संध्याकाळी माणसांनी फुललेले कॉफी हाऊस, अशी ही वस्ती आहे. भोसल्यांच्या कारभारापासून जबलपुरात मराठी माणसे आहेत; पुढे रेल्वेने, तोफगाड्यांच्या कारखान्याने आणि सरकारी कचेऱ्यांनी त्यांत भर घातली.

ह्या सदरच्या आसमंतात शाळांना तोटा नाही. छावणीच्या परिसरातील काही मिशनरी शाळांना तर दीडशे वर्षे होऊन गेली आहेत. अशा ठिकाणी एखाद्या घरातील मुले शाळेत जात नसतील, तर शेजारणीने भुवया उंचावणे साहजिकच आहे. आणि ती मुले दत्तक असतील, तर त्या भुवया लवकर खाली येत नाहीत.

श्रोत्यांनी असे एक घर कल्पनेने डोळ्यांपुढे उभे करावे. घरधनी एका लष्करी कारखान्याच्या हिशेबखात्यात आहेत. त्यांच्या पत्नी पूर्वी शिक्षिका होत्या. घरात सासूबाई आहेत, आणि नऊ वर्षांची मुलगी व सहा वर्षांचा तिचा भाऊ आहे. दोघे सख्खी भावंडे. दोन वर्षांपूर्वी एकाच दिवशी ह्या घरी आली. मुलीला तेव्हा सातवे सरले होते. तान्हे मूल मांडीवर घेणे निराळे आणि सात वर्षांची, डोळ्यांत आपले सगळे जग घेऊन आलेली मुलगी घरात घेणे निराळे. तान्ह्याला आई मिळते. ह्या वयाच्या मुलीला आधी एक अनोळखी बाई मिळते.

पहिले काही महिने ही मुलगी नव्या आईला ‘दीदी’ म्हणे. शिशुगृहात सांभाळणाऱ्या बायकांना तीच हाक असे, तेव्हा तिच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. रात्री निजताना ती उशीखाली अर्धी पोळी ठेवी. घरात अन्नाची ददात नव्हती. परंतु उद्याची पोळी उद्या मिळेलच, हा विश्वास कोणी सांगून बसत नाही. तो रोज सकाळी ताट वाढल्याने हळूहळू बसतो. आईने रागावून ती पोळी काढून घेतली नाही. तिने एक झाकणाचा डबा आणला, तो मुलीच्या स्वाधीन केला आणि सांगितले, “हा तुझा. ह्यात काय ठेवायचे ते तू ठरव.” चारेक महिन्यांनी त्या डब्यात पोळीऐवजी चिंचोके आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे दिसू लागले.

ह्या मुलांना घरी शिकवावयाचे ठरले त्याचे मूळ ह्या डब्यातच आहे. वयाप्रमाणे मुलगी दुसरीत बसावयास हवी होती, पण तिला वाचता येत नव्हते. लहान मुलांत बसवावे तर मानहानी, बरोबरीच्यांत बसवावे तर रोजचा पराभव. शिवाय नुकत्याच मिळालेल्या घरातून तिला रोज सहा तास बाहेर काढावयाचे, आणि संध्याकाळी ते घर जागेवर असेल की नाही ही धास्ती तिने दिवसभर उराशी बाळगावयाची. आईबापांनी विचार केला की आधी घर पक्के होऊ द्यावे, मग शाळा.

कायदा ह्या बाबतीत काय म्हणतो, हे पाहणे अवश्य आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हणून त्यात सांगितले आहे. परंतु ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकविण्याला स्पष्ट मान्यताही दिलेली नाही. म्हणजे घरची शाळा ही कायद्याच्या उंबरठ्यावर उभी आहे. तिला पुढची वाट आहे ती १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. चौदा वर्षे पुरी झालेल्या मुलाला तेथून दहावीची परीक्षा देता येते.

मुळात आपल्याकडे दत्तक आणि घरचे शिक्षण ह्या दोन्ही गोष्टी जुन्याच. फक्त त्या राजवाड्यांत होत्या. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक गेला आणि बडोद्याचा सयाजीराव झाला. खेड्यातून आलेल्या ह्या मुलाला अक्षरओळखही नव्हती. इलियट साहेबांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण राजवाड्याच्या आवारातच झाले. पुढे ह्याच घरी शिकलेल्या महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ह्यात विसंगती आहे असे वरवर वाटते. पण ज्याला शिकविण्यासाठी राज्याचा खजिना खुला झाला, त्यानेच ज्यांना कोणी शिकविणार नाही अशांसाठी शाळा उघडावी, ह्यात एक प्रकारची ऋणफेड आहे.

तथापि हे दत्तक गादीसाठी होते. घराला मूल हवे होते म्हणून मूल आले. मुलाला घर हवे होते म्हणून नव्हे. ह्याला त्याच काळातला एक थोर अपवाद पुण्यात सापडतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे प्रसूत झालेल्या काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये आपला म्हटला. हाच यशवंत. त्यांना ना गादी सांभाळावयाची होती, ना पिंडदानाची काळजी होती. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे ह्यावर भाऊबंदांनी वाद घातला, यशवंताचा हक्क नाकारला, आणि तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ त्याने रोग्यांसाठी दवाखाना उघडला. त्याच दवाखान्यात रोगी पोहोचवता पोहोचवता सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. रक्ताच्या नात्याचे माहात्म्य सांगणाऱ्यांनी ही हकीकत एकदा शांतपणे आठवावी.

जबलपूरच्याच इतिहासात आणखी एक प्रकार आहे, आणि तो तितका सुखद नाही. ठगांचा बंदोबस्त करणारे स्लीमन साहेब येथलेच. पकडलेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी १८३० नंतरच्या दशकात येथे एक उद्योगशाळा निघाली. तेथे गालिचे आणि तंबू होत. मुलांनी बापाचा धंदा विसरावा हा हेतू. तो साधला असेलही. पण मूल वाढविणे म्हणजे त्याचा भूतकाळ पुसून टाकणे, ही समजूत त्या शाळेबरोबर संपली असे म्हणवत नाही. आजही पुष्कळ सज्जन माणसे दत्तक घेणाऱ्यांना हाच उपदेश करतात की मुलाला काही सांगू नका, गाव बदला, नाव बदला.

सदरमधल्या घरी हा उपदेश नागपूरहून आलेल्या काकांनी केला. ते म्हणाले, “मुलगा लहान आहे, त्याला काही आठवत नाही. मुलगीही विसरेल. कशाला उगाच जखम उघडी ठेवता?” त्यावर सासूबाई म्हणाल्या, “अहो, विसरायला ती काय गाठोडं आहे? गाडीत राहिलं नि गेलं!” ह्या सासूबाईंना आरंभी हे दत्तक मान्य नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांना कुलवृत्तांताची चिंता होती. पण न्यायाधिकाऱ्यासारखी करारी अशी ही सात वर्षांची मुलगी भावाचे जेवण झाल्याखेरीज स्वतः घास घेत नाही, हे त्यांनी पाहिले आणि त्या मुलीच्या बाजूच्या झाल्या.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलीलाही दत्तक घेता येऊ लागले. त्यापूर्वी शास्त्राला आणि रूढीला सामान्यतः पुत्रच ठाऊक होता. २०१५ च्या बालन्याय कायद्याने अनाथ व सोडून दिलेल्या मुलांसाठी धर्मनिरपेक्ष वाट घालून दिली. २०२२ पासून दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात. घराची पाहणी होते, आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी विचारपूस होते. ह्या सगळ्यात एक कलम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पाच वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती घ्यावी लागते. जुन्या दत्तकविधानात होम होई, मंत्र होत, देणारा देई, घेणारा घेई. मुलाला कोणी विचारीत नसे.

आता घरच्या शाळेचा दिवस कसा जातो ते पाहू. सकाळी छावणीतल्या कवायतीचे आवाज येतात, तेव्हा पाटी निघते. दोन तास वाचन आणि गणित, ह्यात सूट नाही. मुलगी हिंदी वाचू लागली ती आधी दुकानांच्या पाट्यांवरून. मराठी तिला आजीच्या बोलण्यातून आली, आणि लिपी एकच असल्याने एका कष्टात दोन भाषा झाल्या. गणित बाजारात होते. पाव किलो खव्याच्या जिलबीचे किती, हा प्रश्न जबलपुरात कोणत्याही मुलाला अवघड वाटत नाही. मदनमहालच्या टेकडीवर एका दगडावर तोललेला प्रचंड दगड आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपातही तो हलला नाही. तो का पडत नाही, ह्यावर घरात तीन दिवस वाद चालला, पेन्सिलीवर पट्टी तोलून पाहिली गेली. बडा शिमला टेकडीची गोष्ट तर मुलाला फारच आवडते. तेथे १८२८ साली त्याच स्लीमन साहेबांना प्रचंड हाडे सापडली, आणि १८७७ मध्ये लायडेकर ह्यांनी त्या प्राण्याचे टायटॅनोसॉरस असे नाव ठेवले. मुलाने विचारले, “मग इतके दिवस त्याला नावच नव्हतं?”

ह्या प्रश्नावर मुलीने जे उत्तर दिले ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. ती म्हणाली, “होतं रे. त्याच्या आईला माहीत होतं.”

घरच्या शाळेचे गुणगान येथवर पुरे. तिचा दोषही मोठा आहे. आई हीच गुरू झाली, की मुलाला रुसावयास जागा राहत नाही. शाळेत मास्तर रागावले तर मूल घरी येऊन रडते. घरी मास्तर रागावले तर त्याने कोठे जावे? ज्या मुलीला ‘ही मला परत तर पाठविणार नाही ना’ अशी शंका अजून अधूनमधून येते, तिचे गणित चुकले म्हणून त्याच आईने कपाळाला आठी घालावी, हे धोक्याचे आहे. ह्या घरात त्यावर तोड निघाली ती अशी की गणित संध्याकाळी वडील घेतात आणि आई त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. दुसरा दोष एकलकोंडेपणाचा. शेजारीण एके दिवशी गॅलरीतून म्हणाली, “बच्चों को आप छिपाकर क्यों रखती हैं?” आईला तो शब्द लागला. पण लागला ह्याचा अर्थ त्यात काही तथ्य होते. मुलांना जगाच्या प्रश्नांपासून वाचविण्यासाठी तर आपण घरी ठेवीत नाही ना, हे तिने स्वतःला विचारले, आणि त्या दिवसापासून दोघे रोज मैदानावर गल्लीतल्या मुलांत खेळू लागली.

तेथेच तो प्रश्न आला. एका मुलाने विचारले, “तेरी असली माँ कौन है?” मुलगी घरी आली आणि हातपाय न धुता आजीजवळ बसली. आजीने विचारले, “तू काय सांगितलंस?” ती म्हणाली, “मी म्हटलं, एक मला आठवत नाही, आणि एक घरी वाट बघतेय.” दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा खेळावयास गेली.

यंदा मुलाने शाळेत जाण्याचा हट्ट धरला आहे. त्याला गणवेश हवा, डबा हवा, रिक्षातून जाणे हवे. त्याला जूनमध्ये घालावयाचे ठरले असून प्रवेशाचा अर्ज वडिलांनी आणला आहे. मुलीला विचारले तेव्हा तिने आणखी एक वर्षाची मुदत मागितली आणि अर्ज भरण्याचे काम स्वतःकडे घेतले. भावाचे नाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव तिने सावकाश, एकेक अक्षर कोरून लिहिले. आईच्या नावाच्या रकान्याशी मात्र ती थांबली नाही. ते तिला पाठ होते. ती अडली ती ‘मातृभाषा’ ह्या रकान्याशी. तेथे काय लिहावे हे विचारावयास ती अर्ज घेऊन स्वयंपाकघरात गेली.